असमर्थतेचें वेतन आणि त्याचे दावेदार

मिळवत्या माणसानें अंथरूण धरलें म्हणजे घरावर दोन संकटें एकदम कोसळतात. एक दुखण्याचें आणि दुसरें दारिद्र्याचें. पहिल्यावर वैद्याचा इलाज असतो. दुसऱ्यावर इलाज शोधण्याचें काम गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत अनेक देशांच्या सरकारांनीं आपल्याकडे घेतलें. मालक व कामगार यांच्याकडून वर्गणी गोळा करावयाची, आणि दुखण्यामुळें वा व्यंगामुळें ज्याला कमावतां येत नाहीं त्याला दरमहा कांहीं वेतन द्यावयाचें, अशी ही व्यवस्था आहे. पण हें वेतन किती असावें? तें तुटपुंजें ठेवलें तर खरा रुग्ण अर्धपोटीं राहतो. तें सढळ ठेवलें तर, असें सांगण्यांत येतें कीं, ज्यांना थोडेंफार काम झेपलें असतें तेहि अर्ज घेऊन दाराशीं उभे राहतात. हें म्हणणें खरें आहे काय, आणि खरें असल्यास कितपत, याचा विचार केल्यावांचून कोणत्याहि देशाला या बाबतींत शहाणपणाचें धोरण आंखतां येणार नाहीं.

वेतनाच्या 'दरा'चा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. हातीं पडणारी रक्कम किती, यापेक्षां ती पूर्वींच्या मजुरीच्या मानानें किती, याला अधिक महत्त्व असतें. शंभर मिळविणाराला आजारपणांत ऐंशीं मिळाले तर दर ८० टक्के, आणि चाळीस मिळाले तर ४० टक्के. भारतांतील राज्य कामगार विमा योजना ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हें माप नवें वाटणार नाहीं. तिच्यांत साध्या आजारपणांत वर्षाकाठीं ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के, आणि कामावरील इजेमुळें आलेल्या तात्पुरत्या असमर्थतेंत ९० टक्के भत्ता मिळतो. हा दर, वेतन मिळण्याची मुदत, आणि पात्रता ठरविण्याची कसोटी, अशा तीन गोष्टी मिळून एखाद्या व्यवस्थेचें औदार्य ठरतें.

सर्वसाधारण समजूत अशी असते कीं, मनुष्य एक तर धडधाकट असतो, नाहीं तर असमर्थ असतो. मध्यें कांहीं नसतें. ही समजूत खरी असती तर प्रश्न सोपा झाला असता. मग वेतनाचा दर वाढल्यानें जे नवे अर्ज येतील ते सगळे लबाडांचे, असें खुशाल म्हणतां आलें असतें. परंतु शरीराची व मनाची स्थिति अशी दोन कप्प्यांत विभागलेली नसते. एका टोकाला अर्धांगानें जखडलेला रुग्ण असतो. त्याला वेतन मिळो वा न मिळो, तो कामावर जाऊं शकत नाहीं. दुसऱ्या टोकाला निरोगी मनुष्य असतो. त्याच्या मनांत अर्जाचा विचारहि येत नाहीं. या दोहोंच्या मध्यें पाठदुखी, सांधेदुखी, दमा, दुबळें झालेलें हृदय, खचलेलें मन, अशांनीं पिडलेल्या लोकांचा एक मोठा पट्टा असतो. अशा माणसाचें काम अगदींच थांबलेलें नसतें. तें दिवसेंदिवस अधिक कष्टाचें होत गेलेलें असतें. घरीं बसून शंभराऐवजीं ऐंशीं मिळणार असतील, तर उरलेल्या वीसांसाठीं महिनाभर कळा सोसावयाच्या कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. चाळीसच मिळणार असतील तर तोच मनुष्य दांतओठ खाऊन कामावर जातो. दोन्ही प्रसंगीं त्याची पाठ तितकीच दुखत असते. म्हणून दर वाढल्यानें दावे वाढले, तर त्यावरून दावेदार ढोंगी आहेत असें सिद्ध होत नाहीं. सीमेवर उभ्या असलेल्या माणसानें एक पाऊल इकडे वा तिकडे टाकलें, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव नेदर्लंड्सच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला पुष्कळदां हॉलंड म्हणतात त्या देशाच्या, पदरीं आहे. तेथें १९०१ च्या कायद्यानें कामावर झालेल्या अपघाताला भरपाई मिळत असे, आणि इतर असमर्थतेसाठीं निराळी व पुष्कळच तोकडी तरतूद होती. १ जुलै १९६७ रोजीं नवा असमर्थता-विमा कायदा अंमलांत आला. डच लोक त्याला आद्याक्षरांवरून 'वे-आ-ओ' म्हणत. या कायद्यानें असमर्थता कामामुळें आली कीं घरच्या दुखण्यामुळें आली, हा भेदच काढून टाकला. मनुष्य काम करूं शकत नाहीं ना, मग कारण कांहीं कां असेना, समाजानें त्याला सांभाळावें, हें त्यामागील उदात्त तत्त्व होतें. पूर्ण असमर्थाला शेवटच्या मजुरीच्या ८० टक्के वेतन, तें वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत. आणि अवघी १५ टक्के असमर्थता ठरली तरी कांहीं अंश मिळावयाचाच. त्यापूर्वींचें एक वर्ष आजारपणाच्या भत्त्याचें असे, व तो भत्ता बहुतेक ठिकाणीं मालक-मजुरांच्या करारांनीं पूर्ण पगाराइतका भरून दिला जाई.

कायदा करणारांची अपेक्षा अशी होती कीं, दावेदारांची संख्या फार तर दोन लाखांपर्यंत जाईल. प्रत्यक्षांत १९९० च्या सुमारास ती नऊ लाखांच्या घरांत पोंचली. सगळ्या देशाची लोकसंख्या तेव्हां दीड कोटीच्या आसपास होती. युद्ध नाहीं, साथ नाहीं, दुष्काळ नाहीं; उलट प्रजा पूर्वींपेक्षां दीर्घायुषी झालेली; आणि तरी कामास असमर्थ ठरलेल्यांचा आंकडा दहा लाखांकडे चाललेला. पंतप्रधान रूड लुबर्स यांनीं १९९० सालीं देशच आजारी पडला असल्याचे उद्गार काढले, आणि हा आंकडा दहा लाखांवर गेला तर आपण पद सोडूं अशी भाषा केली, ती या पार्श्वभूमीवर.

हें सर्व ८० टक्क्यांच्या दरामुळें झालें काय? वरवर पाहणाराला तसें वाटेल; परंतु हकीगत इतकी सरळ नाहीं. १९७० नंतरच्या मंदींत डच कारखान्यांना पुष्कळ कामगार नकोसे झाले. कामगाराला काढून टाकावयाचें तर सरकारी परवानगी लागे, भांडण होई. त्यापेक्षां पन्नाशी उलटलेल्या, पाठ धरलेल्या मजुराला असमर्थतेच्या वेतनावर पाठविणें सर्वांनाच सोयीचें होतें. मालकाला खर्च नाहीं, कारण विम्याची वर्गणी सर्व कारखान्यांना सारखीच; त्यानें दहा माणसें पाठविलीं काय आणि एकहि न पाठविलें काय, त्याच्या वर्गणींत फरक पडत नसे. मजुराला बेकारीच्या मुदतबंद भत्त्याऐवजीं ६५ व्या वर्षापर्यंतची निश्चिंती आणि बेकार म्हणवून घेण्याची नामुष्की टळली हें समाधान. सरकारलाहि बेकारांचा आंकडा लहान दिसत असे. त्यांत भर अशी कीं, अंशतः असमर्थ मनुष्याला त्याच्या व्यंगामुळें नोकरी मिळत नाहीं असें धरून त्याला पूर्ण असमर्थाचें वेतन देण्याची वहिवाट पडली होती. योजनेचा कारभार मालकांच्या व मजुरांच्या प्रतिनिधींकडेच होता. पुढें बूर्मायर यांच्या अध्यक्षतेखालीं पार्लमेंटनें चौकशी केली, आणि १९९३ सालच्या तिच्या अहवालानें नको असलेले कामगार दूर करण्यासाठीं या विम्याचा वापर झाल्याचें उघड केलें. दर सढळ होता हें खरें. पण त्या सढळपणाचा मोह एकट्या मजुराला पडला नव्हता.

यानंतर डच सरकारनें जें केलें तें या विषयाच्या अभ्यासकाला फार बोधप्रद आहे. पहिला उपाय अर्थातच दर उतरविण्याचा. तो ८० वरून ७० टक्के करण्यांत आला, आणि पूर्ण वेतनाची ती वहिवाटहि बंद करण्यांत आली. तरी दावेदारांची संख्या आणखी कांहीं वर्षें वाढतच राहिली. १९९१ सालीं वेतनावर आणखी कात्री चालविण्याची योजना जाहीर होतांच हेगमध्यें प्रचंड निदर्शनें झालीं, आणि सरकारांत बसलेल्या मजूर पक्षाला आपल्याच अनुयायांचा रोष पत्करावा लागला. अखेर १९९३ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, नव्या दावेदाराला ७० टक्के वेतन वयानुसार कांहीं काळच मिळावें, आणि मग तें किमान मजुरीच्या दिशेनें खालीं यावें. परंतु झालें काय, कीं मजूर-संघांनीं मालकांशीं करार करून ही तूट निराळ्या विम्यानें भरून काढली. कायद्यानें एका हातानें काढून घेतलें तें करारानें दुसऱ्या हातानें परत दिलें. ज्यांच्या मागें बलवान संघ नव्हता अशांनाच कपातीची खरी झळ लागली. कागदावरचा दर आणि घरांत येणारा दर हे नेहमीं एकच असतात असें नाहीं, हा यांतील पहिला धडा.

दराचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढून मोजावयाचा, तर एखाद्या प्रयोगाची आवश्यकता असते. रसायनशास्त्रज्ञ दोन नळ्या घेतो, एकींत औषध घालतो, दुसरी तशीच ठेवतो. माणसांच्या बाबतींत असें करतां येत नाहीं. पण कॅनडांत तो योग आपोआप जुळून आला. तेथें क्वेबेक प्रांताची निवृत्तिवेतन-योजना निराळी आणि बाकीच्या प्रांतांची निराळी. दोन्ही १९६६ पासूनच्या. असमर्थाचें वेतन क्वेबेकमध्यें अधिक असे. जानेवारी १९८७ पासून बाकीच्या कॅनडानें आपलें वेतन एकदम सुमारे ३६ टक्क्यांनीं वाढवून ती तफावत भरून काढली. क्वेबेकमध्यें तशी वाढ झाली नाहीं. जोनाथन ग्रूबर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें दोन्हीकडील ४५ ते ५९ वयाच्या पुरुषांची तुलना केली, आणि तिचे निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध केले. जेथें वेतन वाढलें तेथें काम सोडून बसलेल्यांचें प्रमाण क्वेबेकच्या तुलनेनें वाढलें होतें. त्याचा हिशेब असा निघाला कीं, वेतन १० टक्क्यांनीं वाढलें तर काम न करणारांचें प्रमाण सुमारे ३ टक्क्यांनीं वाढतें.

हा ३ टक्क्यांचा आंकडा नीट समजून घेतला पाहिजे. त्याचा अर्थ शंभर कामगारांपैकीं तीन उठून गेले, असा नव्हे. जे आधींच कामाबाहेर होते त्यांच्या संख्येंत शेंकडा तिनाची भर पडली, असा आहे. तेव्हां दराचा परिणाम होत नाहीं असें म्हणणें चूक; आणि दर वाढवितांच कारखाने ओस पडतील असें म्हणणें त्याहून मोठी चूक. परिणाम आहे, पण तो मध्यम आहे.

दुसरा प्रश्न असा कीं, ज्यांना वेतन मिळतें त्यांना तें मिळालें नसतें तर ते काम करते काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असमर्थता-विम्याचा कायदा १९५६ सालीं झाला. आरंभीं तो पन्नाशीपुढच्यांसाठीं होता, आणि १९६० पासून वयाची ही अट निघाली. पुढें तेथील प्रौढ पुरुष कामाबाहेर पडण्याचें प्रमाण वाढलें, तेव्हां १९८० सालीं डोनाल्ड पार्सन्स यांनीं त्याचें बरेंचसें खापर या वेतनावर फोडलें. जॉन बाउंड यांनीं १९८९ सालीं त्याला उत्तर दिलें, तें फार साध्या युक्तीनें. त्यांनीं ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांच्याकडे पाहिलें. सरकारी परीक्षकांनीं ज्यांना काम करण्यास समर्थ ठरविलें, त्यांच्यापैकीं निम्म्याहून कमी लोक पुढें काम करीत होते. आतां, अर्ज मंजूर झालेले लोक यांच्यापेक्षां अधिकच आजारी असावयाचे. मग वेतन नसतें तरी त्यांच्यापैकीं निम्मेसुद्धां कामावर गेले नसते, हें उघड झालें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत हीच गोष्ट अधिक बारकाईनें दिसते. ज्यांचा निकाल अर्ज कडक परीक्षकाच्या टेबलावर गेला कीं सौम्य परीक्षकाच्या, यावर अवलंबून होता, असे अर्जदार सुमारे २३ टक्के निघाले. वेतन न मिळतें तर अशांपैकीं काम करणारांचें प्रमाण दोन वर्षांनंतर २८ अंशांनीं, म्हणजे शंभरांत अठ्ठावीसांनीं, अधिक असतें. यांच्यांतहि जे फार आजारी होते त्यांच्या बाबतींत वेतनामुळें कामावर कांहींच परिणाम झाल्याचें दिसलें नाहीं. कारण काम त्यांच्या आवाक्यांतच नव्हतें.

दर कायद्यानें न वाढवितांहि वाढूं शकतो, हेंहि अमेरिकेंतच दिसून आलें. तेथें वेतनाचा हिशेब देशांतील सरासरी मजुरीशीं जोडलेला आहे, आणि कमी मिळविणाराला त्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा मिळावा अशी त्याची रचना आहे. १९८० च्या सुमारापासून अल्पशिक्षित मजुरांची कमाई सरासरीच्या मागें पडत गेली. परिणामीं, त्यांच्या स्वतःच्या मजुरीशीं ताडून पाहतां असमर्थतेचें वेतन आपोआप मोठें होत गेलें. डेव्हिड ऑटर व मार्क डगन यांनीं २००३ सालीं ही गोष्ट दाखवून दिली. येथें औदार्य वाढलें म्हणावें कीं मजुरीच खालावली म्हणावें? दावे वाढले म्हणून वेतनाला दोष देणारानें मजुरीकडेहि एकवार पाहिलें पाहिजे.

दर तसाच ठेवून केवळ कसोटी कडक करावी, असें कित्येकांना सुचतें. तोहि मार्ग अमेरिकेनें चोखाळून पाहिला. १९८० च्या कायद्यानें दावेदारांची नियमित फेरतपासणी करण्याचें ठरलें, आणि १९८१ पासून ती झपाट्यानें व कठोरपणें सुरू झाली. थोड्या वर्षांत लाखों लोकांचें वेतन थांबविण्याचे हुकूम निघाले. त्यांत मनाच्या विकारानें ग्रासलेले पुष्कळ होते. आपली बाजू मांडण्याचें सामर्थ्य ज्यांच्यांत सर्वांत कमी तेच आधीं बाहेर फेंकले गेले. अपिलांत सुमारे दोन लाख लोकांना वेतन परत मिळालें, म्हणजे तें थांबविणेंच चुकीचें होतें असें ठरलें. लोकांत इतका क्षोभ झाला कीं, १९८४ सालीं काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं एकहि विरोधी मत न पडतां नवा कायदा करून ही पद्धत आवरली. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें असें आपण म्हणतों. येथें तर ओलेंच अधिक जळालें.

मग उपाय तरी कोणता? त्यासाठीं पुन्हां हॉलंडकडे वळलें पाहिजे. दर उतरवून फारसें साधत नाहीं असें दिसल्यावर डच सरकारनें आपलें लक्ष मजुरावरून काढून मालकावर व दरवाजावर केंद्रित केलें. १९९६ पासून आजारी कामगाराच्या पगाराचे निदान ७० टक्के पहिलें वर्षभर मालकानेंच द्यावे असें ठरलें. २००४ पासून ही मुदत दोन वर्षांची झाली. १९९८ पासून ज्याच्या कारखान्यांतून अधिक माणसें असमर्थ होऊन जातील त्याची वर्गणी अधिक, असा नियम आला. २००२ सालीं द्वारपालाचा कायदा या अर्थाच्या नांवाचा एक कायदा झाला. त्याप्रमाणें आजारपणाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास दुखण्याचें स्वरूप तपासून आठव्या आठवड्यापर्यंत मालक व कामगार यांनीं मिळून कामावर परत येण्याची योजना आंखावयाची; हलकें काम, कमी तास, दुसरें यंत्र, जें शक्य असेल तें करून पाहावयाचें; आणि असा प्रयत्न केल्याचा पुरावा असल्याशिवाय असमर्थतेच्या वेतनाचा अर्ज विचारांतच घ्यावयाचा नाहीं.

याचा परिणाम असा झाला कीं, २००१ च्या सुमारास दरसाल एक लाखाच्या आसपास नवे लोक या वेतनावर येत असत, ती संख्या पांच-सहा वर्षांत त्याच्या एकतृतीयांशाहूनहि खालीं आली. त्याच सुमारास जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. त्यांत कमाईची ३५ टक्क्यांपेक्षां कमी हानि झालेल्यांना वेतनाचा हक्क उरला नाहीं. परंतु जे पूर्णपणें व कायमचे असमर्थ, त्यांचें वेतन ७० वरून ७५ टक्के करण्यांत आलें. ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या वर्षांत दावे उतरले त्याच वर्षांत अत्यंत पीडितांचा दर वाढला.

तथापि या यशालाहि दुसरी बाजू आहे. ज्याचें दुखणें जुनें आहे, अथवा ज्याची प्रकृति नाजूक दिसते, अशा उमेदवाराला कामावर घेण्यास मालक कचरूं लागण्याचा धोका अशा व्यवस्थेंत असतोच. कारण उद्यां तो आजारी पडला तर दोन वर्षांचा भार मालकावर. ३५ टक्क्यांच्या आंत राहिलेल्यांपैकीं सर्वांनाच काम मिळालें असेंहि नाहीं. शिवाय अलीकडच्या वर्षांत तेथें नव्या दावेदारांची संख्या पुन्हां चढत गेली आहे, आणि तीहि दर न वाढतां. निवृत्तीचें वय ६५ वरून पायरीपायरीनें ६७ वर नेलें, तेव्हां पूर्वीं जे निवृत्त झाले असते ते थकलेले लोक आतां असमर्थतेच्या दाराशीं येतात, हें त्याचें एक कारण. एक दार लोटून घेतलें म्हणजे गर्दी दुसऱ्या दाराशीं होते.

या सर्व अनुभवाचें तात्पर्य काढावयाचें तर असें निघेल. वेतनाचा दर दाव्यांना हालवितो, हें निर्विवाद आहे; पण तो हालवितो सीमेवरच्यांना. खोल दरींत पडलेला मनुष्य दर चढला म्हणून वर येत नाहीं, व उतरला म्हणून कामावर जात नाहीं. दर उतरला तर तो फक्त अधिक गरीब होतो. म्हणून सरसकट कपात हें हत्यार ज्यांच्यासाठीं उपसलें जातें त्यांच्यापैकीं थोड्यांना लागतें, आणि ज्यांना पळतां येत नाहीं त्या सर्वांना लागतें. सीमेवरचा मनुष्य कोणत्या बाजूस पाऊल टाकील हें एकट्या वेतनावर अवलंबून नसतें. त्याला झेपेल असें काम कोणी देऊं करतो कीं नाहीं, मालकाला त्याची गरज वाटते कीं अडगळ, आणि आजारपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याची विचारपूस होते कीं नाहीं, यांवर तें अधिक अवलंबून असतें. दरमहा ठराविक रक्कम धाडून मोकळें होणें हें सोपें औदार्य झालें. दुखणाइताच्या हातून अजून काय होण्यासारखें आहे हें त्याच्याजवळ बसून शोधणें हें अवघड औदार्य होय, आणि ज्याच्या हातून खरोखरच कांहीं होण्यासारखें उरलें नाहीं त्याच्या पानांत कमी न वाढणें, हें त्या औदार्याचेंच दुसरें अंग आहे.